लोकरथाच्या पोटाखाली

या मायबाप, असे जवळ या. खांबाला टेकून बसलेल्यांनीही पुढे सरकावं. खांबाला टेकलेल्या श्रोत्याला देवाआधी झोप भेटते, हे मी पुष्कळ कीर्तनांत पाहिलेलं आहे. चपलांची काळजी सोडा. आज तुम्हाला एक गोष्ट सांगतो. गोष्ट लहान मुलांची आहे, म्हणून मोठ्यांनी नीट ऐकावी. मुलांना ती आधीच ठाऊक असते.

एक होतं जंगल. त्याचं नाव पळसबन. तिथे राज्य करायचं झिपरसेन नावाचं एक अस्वल. राज्य म्हणजे निवडून आलेलं, बरं का. पळसबनात लोकशाही होती. दर खेपेला निवडणूक व्हायची, दर खेपेला झिपरसेनच निवडून यायचा आणि दर खेपेला त्याला आश्चर्य वाटायचं.

त्याचा प्रधान होता रंगराव सरडा. रंगरावाला स्वतःचं मत नव्हतं असं कुणी म्हणू नये. त्याच्याकडे ती पुष्कळ होती. आणि महाराजांचे मेहुणे, मधुकरराव अस्वल, यांच्याकडे होतं मधाचं कोठार. पळसबनात जुना रिवाज होता, ज्याला पोळं सापडेल त्याने अर्धं कोठारात आणून द्यायचं. आजाऱ्याला, बाळंतिणीला, अडल्यानडल्याला त्यातला मध मिळायचा.

एके वर्षी कोठार उघडलं तर आत मध नाही. चौकशी बसली. ती मधुकररावांनीच केली, कारण कोठाराची खडान्‌खडा माहिती दुसऱ्या कुणाला होती? मध मुंग्यांनी खाल्ला, असं निष्पन्न झालं. मुंग्यांनी दिलगिरी व्यक्त केली.

निवडणूक जवळ आली तेव्हा महाराज पोट खाजवत म्हणाले, "रंगराव, प्रजा नाराज आहे का रे?"

"नाराज नाही महाराज," रंगराव म्हणाला. "पायी आहे. पायी चालणाऱ्याला विचार करायला वेळ मिळतो. त्याला गाडी द्या."

झालं! दुसऱ्याच दिवशी सभा भरली. महाराज वारुळावर उभे राहिले आणि गरजले, "माझ्या बंधूंनो, भगिनींनो, पिलांनो आणि अंड्यांनो! हजारो वर्षं तुम्ही पायांवर चाललात. कुणी चालायला लावलं तुम्हाला?"

"पायांनी!" एक ससा म्हणाला. त्याला खाली बसवण्यात आलं.

"मागच्या राजांनी!" महाराज म्हणाले. "आता चालणं बंद! घर तिथे गाडी, गाडी तिथे झिपरसेन!"

गाडीचं नाव ठेवलं लोकरथ. रचना अशी होती, की गाडीच्या पोटात निखाऱ्यांची शेगडी, शेगडीवर पाण्याचा हंडा आणि हंड्याच्या वाफेवर फिरणारी चाकं. शेगडीच्या खाली जाड दगडी फरशी बसवायची, म्हणजे धग खाली उतरायची नाही. गाडी बनवण्याचं काम मधुकररावांना मिळालं. आता दगड म्हटला की खाण आली, खाण म्हटली की घाम आला. मधुकररावांच्या परसात मात्र दुसराच एक माल ढिगाने पडून होता. कसला, ते पुढे कळेल. राखाडी रंग दिला की तो हुबेहूब दगड दिसायचा.

गाडीच्या चारही बाजूंना महाराजांचं चित्र होतं. हसरं, मान उंच केलेलं. त्यासोबत दोन फर्मानं निघाली. पहिलं असं, की शेगडीतले निखारे कधीही विझवू नयेत. विझलेली गाडी म्हणजे विझलेली निष्ठा. दुसरं असं, की पळसबन हे ताठ मानेचं राज्य असल्यामुळे यापुढे कुणीही वाकू नये. वाकणं ही गुलामीची खूण आहे. ज्याला वाकायचंच आहे त्याने देवापुढे वाकावं, इतरत्र नाही.

मायबाप, काय आनंद झाला म्हणून सांगू! खारीने गाडीला हळदकुंकू लावलं. साळिंदराने चाकाखाली लिंबू ठेवलं आणि वर आपलाच एक काटा खोचला. घुबडाने दिवसा डोळे उघडले. भेकराने आपल्या गाडीपुढे नारळ फोडला आणि खोबरं शेजाऱ्याच्या गाडीलाच आधी दाखवलं. जो तो मान वर करून गाडीत बसला, ढांग-ढुंग करत निघाला आणि कुठे जायचं हे ठाऊक नसल्यामुळे वळून परत आला. पळसबनात पहिल्यांदाच रस्ता कोंडला. त्या दिवशी रंगरावाने जाहीर केलं, की कोंडी ही प्रगतीची पहिली पायरी आहे.

फक्त कासवबुवांनी गाडी घेतली नाही. बुवा म्हणजे पळसबनातले कीर्तनकार. आवाज असा गोड, की पंचम लागला की मधमाश्या त्यांच्या पाठीवर येऊन बसायच्या. ते म्हणाले, "घर माझ्या पाठीवर. त्यात गाडी उभी करायला जागा कुठली, बाबा?"

पहिली गाडी पेटली ती झुंबऱ्या वानराची. बसल्याजागी बुडाखालून भपकन जाळ आला. झुंबऱ्या उडाला तो थेट उंबराच्या शेंड्यावर. शेपटी निम्मी उरली.

"गाडी पेटलेली नाही," रंगरावाने खुलासा केला. त्या दिवशी तो धुराच्या रंगाचा होता. "गाडीखालची हवा पेटली. हवा सरकारी नाही."

"आणि माझी शेपटी?" वरून झुंबऱ्या ओरडला.

"शेपटी ठरलेल्या मापापेक्षा लांब होती. आता ती नियमात बसते."

मग मोराची पेटली. मोराला पिसारा बाळगल्याबद्दल समज देण्यात आली. मग रानडुकराची पेटली, तेव्हा ते म्हणालं, "अरे, मला ना शेपूट धड, ना पिसारा! आता काय म्हणता?" तेव्हा मात्र महाराजांना सूचनापत्रक काढावंच लागलं. त्यात लिहिलं होतं: "लोकरथ पूर्णपणे सुरक्षित आहे. तरी तो घराजवळ, झाडाजवळ, वाळल्या पाल्याजवळ, गवताजवळ अथवा स्वतःजवळ उभा करू नये."

आता सांगा, जंगलात अशी जागा कुठली? एकच होती. नदीकाठचा खडकाळ माळ. तिथे झाड नाही, गवत नाही, नुसते गोटे. सगळ्या पळसबनाने आपापली गाडी आणून त्या माळावर उभी केली आणि सगळे मान वर करून घरी गेले. महाराजांचा सोनेरी रथही आला, मधोमध.

पण तो माळ रिकामा नव्हता, मायबाप. तिथे गोजराबाई टिटवीचं बिऱ्हाड होतं. टिटवी घरटं बांधत नाही. गोट्यांमध्येच गोट्यांसारखी अंडी घालते. चार अंडी होती, आज-उद्या फुटतील अशी. आणि सोनेरी रथ उभा राहिला तो बरोब्बर त्यांच्यावर. चाकं अलीकडे-पलीकडे गेली, अंडी वाचली, पण डोक्यावर आभाळाच्या जागी गाडीचं पोट आलं.

गोजराबाई अंड्यांवर बसून वर पाहते तो काय! पोटाला घाम फुटलेला. एक थेंब लोंबत लोंबत आला आणि टप्पकन गोट्यावर पडला. लगेच दुसरा. शेजारच्या गाडीखाली थेंबाबरोबर ठिणगीही पडली.

"टिटीव! टिटीव! टिव-टिव-टिटीव!" गोजराबाईने आकांत मांडला.

"ऐकलंत?" भेकरीण शेजारणीला म्हणाली. "मेली टिटवी ओरडतेय. आता काहीतरी वाईट होणार!"

आणि झालं की. संध्याकाळी सशाची गाडी पेटली. सगळं जंगल हळहळलं, "बघा! टिटवी ओरडली म्हणून गाडी पेटली." आपल्याकडे शहाण्यासुरत्यांची हीच तऱ्हा आहे. टिटवी संकट पाहते आणि ओरडते; आपण ओरडणं आधी ऐकतो आणि संकट मागून पाहतो, म्हणून वाटतं, ते तिनेच आणलं.

रंगरावाला एवढं पुरेसं होतं. दुसऱ्या दिवशी पळसबनाच्या इतिहासातलं पहिलं माघारी बोलावणं निघालं. दवंडी अशी होती: "आवाजात दोष आढळल्यामुळे राज्यातील सर्व टिटव्या माघारी बोलावण्यात येत आहेत. प्रत्येक टिटवीने दुरुस्ती शिबिरात हजर राहून चोच मोफत बांधून घ्यावी. जी ओरडताना सापडेल, तिला अंड्यांवरून उठवून नदीपार पाठवलं जाईल."

अंडी सोडून गोजराबाईला जाता येईना, म्हणून आधी तिचे यजमान धोंडीराव शिबिरात जाऊन आले. चोचीला घायपाताच्या दोराच्या दोन गाठी, त्यावर महाराजांचं छोटं चित्र. त्यांना कारभारणीला काहीतरी सांगायचं होतं. ते नुसते डोळे मिचकावत बसले. त्यांना किडाही खाता येईना. गोजराबाईने आपल्या चोचीने गाठ सोडवायचा प्रयत्न केला, पण गाठ सरकारी होती; ओढली की आवळायची.

अंड्यांवर धोंडीरावांना बसवून गोजराबाई धावतच कासवबुवांकडे गेली. बुवा नदीत मान बाहेर काढून सूर लावत होते.

"बुवा, माझी लेकरं भाजून निघतील हो! अंड्यातली हलवता येत नाहीत. गाडी हलवा म्हणावं तर तोंड उघडायची बंदी. ओरडले तर मला नदीपार धाडतील, मग त्यांच्यावर पंख कोण धरणार?"

बुवांनी मान आत घेतली. त्यांची विचार करायची ती रीत होती. जरा वेळाने मान बाहेर आली. "गोजरे, ओरडायची बंदी आहे. गायची आहे का?"

"माझा आवाज ऐकलाय ना तुम्ही?"

"तू नको गाऊस, बाई!" बुवा घाईने म्हणाले. "मी गातो. माळावर कीर्तन लावतो. तू फक्त लेकरांपाशी बस. कीर्तनाच्या शेवटी काय करतात, सांग बरं?"

गोजराबाईच्या डोळ्यांत एकदम चमक आली.

कीर्तनाची परवानगी मागायला बुवा दरबारात गेले तेव्हा रंगराव आधी लाल झाला, मग पिवळा. "विषय काय, बुवा?"

"महाराजांना आवडेल तोच. ताठ मान."

"वा! आणि शेवट?"

"शेवट देवाच्या नावाने. आरती, दंडवत, प्रसाद. दंडवताशिवाय कीर्तन संपत नाही, प्रधानजी. आणि देवापुढे वाकायला फर्मानातच मुभा आहे."

रंगराव महाराजांच्या कानाशी लागला. "महाराज, मतदान जवळ आलंय. सगळ्यांसमोर साष्टांग दंडवत घाला. दंडवत पाहिला की मतदार विरघळतो."

"पण मला खाली वाकता येईल का?" महाराजांनी आपल्या पोटाकडे पाहिलं.

"वाकू नका, महाराज. पडा."

दिवस मावळायला आला तसा माळ फुलून गेला. बेडूक मृदंगावर, रातकिडे टाळांवर. झुंबऱ्या वानर उरल्या शेपटीने झांज धरून बसला. मायबाप, त्या कीर्तनाचं वर्णन मी काय करू! बुवांनी पहिला सूर लावला आणि निम्म्या जनावरांच्या अंगावर काटा आला. साळिंदराच्या शेजारी बसलेल्यांनी जागा बदलली. महाराज सोनेरी रथाच्या अगदी पुढ्यात, मान उंच. पलीकडे मधुकरराव, त्यांना सर्दी झाली होती, असं ते सारखं सांगत होते. रंगरावाने बुक्क्याचा रंग घेतला होता.

बुवांनी धरलं:

"वर पाहता कळस दिसे । खाली पाहता पाया ।
पाया कोणी पाहिना म्हणुनी । देऊळ जाई वाया ॥"

"देऊळ जाई वाया!" सगळं रान डोलायला लागलं. रानडुक्कर नाचलं. घुबड नाचलं. मुंग्या, ज्यांच्यावर मधाचा आळ होता, त्याही रांग मोडून नाचल्या. रंगरावाला विषय जरा बदलल्यासारखा वाटला, पण ठेका असा धरला होता, की त्याचंही शेपूट ताल द्यायला लागलं.

"विठ्ठलाच्या चेहऱ्याकडे आपण सगळेच पाहतो रे," बुवा म्हणाले. "पण त्याची विटेवरची पावलं कुणाला दिसतात? जो पडतो त्याला. ताठ मानेने मुकुट दिसतो, पावलं दिसत नाहीत. तर आता, सगळ्यांनी, जिथे आहात तिथे, दंडवत घाला. आणि डोळे मिटू नका बरं!"

धप्प! धप्प! धपाधप! सगळं पळसबन पालथं पडलं. महाराज सगळ्यांत शेवटी पडले, पण सगळ्यांत मोठ्याने.

आणि मग माळावर अशी शांतता पसरली, की थेंब पडल्याचा आवाज आला. टप्प.

फर्मान निघाल्यापासून पहिल्यांदाच प्रजेचे डोळे जमिनीला टेकले होते. समोर गाड्याच गाड्या, आणि प्रत्येक गाडीचं पोट मऊ पडून लोंबत होतं. राखाडी रंग सुटला होता. आतून पिवळं, चिकट काहीतरी ओघळत होतं आणि त्याच्या कडेला निळसर जाळ नाचत होते.

"हा दगड नाही," भेकरीण हळूच म्हणाली.

"मेण आहे," झुंबऱ्या म्हणाला.

मग वास आला. मधाचा. आपापल्या हाताने कोठारात वाहिलेल्या मधाचा वास कुणाला ओळखू येत नाही? आता पिलांनाही कळतं, की मध खाल्ला की मेण उरतं. एवढं मेण उरायला किती मध खावा लागेल, याचा हिशेब सगळं रान पडल्यापडल्या करायला लागलं. मधुकररावांची सर्दी एकदम बरी झाली.

"आम्ही नाही खाल्ला!" एक मुंगी तिच्या सबंध ताकदीनिशी ओरडली. ते फक्त कासवबुवांना ऐकू आलं.

आणि महाराज? मायबाप, अस्वल शेवटी अस्वलच. पडल्या जागी नाकात वास शिरला, तसे ते राज्य विसरले, निवडणूक विसरले आणि सरपटत सरपटत सोनेरी रथाच्या पोटाखाली शिरले. जीभ बाहेर काढली आणि मेणाला लावली. चिकटली!

"वा वा वा!" महाराज म्हणत होते. बहुधा 'वाचवा' म्हणत असावेत.

त्यांच्या नाकासमोर चार अंडी होती. अंड्यांवर पंख पसरून गोजराबाई. आणि दोघांच्याही डोक्यावर मेणाचा एक मोठा, पेटता गोळा हळूहळू सुटत चाललेला. तो महाराजांना दिसत नव्हता. त्यांचे डोळे सुखाने मिटले होते. लोकांना दिसत नव्हता. मध्ये महाराज होते. दिसत होता तो फक्त गोजराबाईला.

ती ओरडली तर बंदी मोडणार आणि नदीपार जाणार. नाही ओरडली तर गोळा महाराजांच्या झिपऱ्यांवर पडणार, महाराज पेटणार, आणि पेटलेलं अस्वल अंड्यांवर लोळणार. तिने चाकापाशी बसलेल्या धोंडीरावांकडे एकदा पाहिलं. बांधल्या चोचीच्या त्या गृहस्थांनी डोळे मिचकावले.

"टिटीव! टिव-टिव-टिव-टिटीव!"

कानापाशी असा चित्कार झाल्यावर महाराज जे उडाले, ते जिभेचं साल रथालाच ठेवून! डोक्याच्या दणक्याने रथ एका बाजूला कलला. त्याच क्षणी सगळं रान दंडवतातून उठलं ते थेट चाकाला खांदा लावूनच. "हो-हो! हैय्या!" बुवांनी ठेका धरला, बेडकाने द्रुत लय घेतली आणि एकामागून एक गाड्या उतारावरून नदीत! चर्र! चर्र! नदीवर अशी वाफ उठली, की धुळीने माखलेली जनावरंही न्हाऊन निघाली. पेटता गोळा पडला तो गोजराबाईच्या उजव्या पंखाच्या टोकावर. पंख करपला. अंड्यांना धग लागली नाही.

प्रसादाला मध नव्हता. बुवांनी नदीचं पाणी तीर्थ म्हणून वाटलं आणि सगळ्यांनी ते दोनदा घेतलं. पहाटे चारही अंडी फुटली.

आता पुढे काय झालं, तेवढं सांगून तुम्हाला मोकळं करतो. तुम्हाला वाटेल, महाराज गेले. छे!

सकाळीच रंगराव वारुळावर चढला. तो मधाच्या रंगाचा झाला होता. म्हणाला, "बंधूंनो! जगाच्या पाठीवर असा राजा झाला नाही, ज्याने प्रजेच्या गाडीखाली स्वतः शिरून, स्वतःच्या जिभेने दोष शोधून काढला!" महाराजांना बोलता येत नव्हतं, त्यांनी जीभ बाहेर काढून दाखवली. बायाबापड्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या जिभेवरच निवडणूक लढवली गेली आणि महाराज मागच्यापेक्षा जास्त मतांनी आले. त्यांना आश्चर्य वाटलं.

गाड्या दुरुस्तीसाठी माघारी बोलावल्या. नदीतून त्या काढायचं आणि नव्याने फरशी बसवायचं काम मधुकररावांना मिळालं, कारण गाडीत काय आहे याची खडान्‌खडा माहिती दुसऱ्या कुणाला होती? मधाची चौकशी पुन्हा बसली आहे. मुंग्यांना पुन्हा बोलावणं गेलं आहे. कासवबुवांच्या कीर्तनाला परवानगी आहे. फक्त दंडवत उभ्याने घालायचा आहे.

आणि गोजराबाई? बंदी मोडल्याबद्दल तिला नदीपार धाडलं. पण पिलं एव्हाना पायांवर उभी राहिली होती, तीही धोंडीरावांबरोबर तिच्यामागे निघाली. टिटवीची पिलं फुटल्या दिवसापासूनच चालतात, त्यांना गाडी लागत नाही. धोंडीरावांच्या चोचीची गाठ नदी ओलांडताना भिजली आणि सैल पडली. चोच सुटल्यावर ते पहिलं वाक्य बोलले, "अगं, ओरड! मी तेच सांगत होतो."

तर मायबाप, माझं एवढंच मागणं आहे. कधी संध्याकाळी तुमच्या छपरावरून टिटवी ओरडत गेली, तर अशुभ म्हणून दार लावून घेऊ नका. घरच्या देवाला एक साष्टांग दंडवत घाला, डोळे उघडे ठेवून, आणि करपल्या पंखाच्या त्या गोजराबाईला आठवा. तिचं नाव कुठे लिहिलेलं नाही. महाराजांना आठवायची तसदी घेऊ नका. त्यांचं चित्र नव्या गाडीच्याही चारही बाजूंना आहे.

फक्त खालच्या बाजूला नाही.